पीटर्सबर्गला टाळ्या, कीवला बंदी

1876 च्या मे महिन्यात रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स गावी मुक्कामाला होता. गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव. युरोपातले राजेरजवाडे उन्हाळ्यात तिथे तब्येत सुधारायला जात. त्या मुक्कामात झारपुढे एक कागद सहीसाठी आला. साम्राज्यात काही अपवाद सोडता युक्रेनी भाषेतली पुस्तकं छापायची नाहीत, परदेशात छापलेली आणायची नाहीत, त्या भाषेत नाटकं करायची नाहीत, जाहीर वाचन करायचं नाही, आणि गाण्याच्या स्वरलिपीखाली युक्रेनी शब्दही छापायचे नाहीत, असा तो हुकूम होता. झारने सही केली. इतिहासात हा हुकूम 'एम्सचा फतवा' म्हणूनच ओळखला जातो.

सरकारी कागदांत 'युक्रेनी' हा शब्दच नव्हता. तिथे ती 'छोट्या रशियाची बोली' होती, म्हणजे रशियन भाषेचंच एक खेडवळ रूप. त्याआधी तेरा वर्षं, 1863 मध्ये, पोलंडमधल्या उठावाच्या धामधुमीत गृहमंत्री वालुयेव याने युक्रेनी शालेय आणि धार्मिक पुस्तकांवर निर्बंध घातले होते. सरकारच्या भीतीत तथ्य नव्हतं असं नाही. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेत वाचता आलं, तर उद्या तो त्या भाषेतच मागण्या करील आणि परवा वेगळं राष्ट्र मागेल, हा हिशेब पीटर्सबर्गमधल्या अधिकाऱ्यांना नीट कळत होता. पुस्तकांपेक्षा नाटक जास्त धोक्याचं, कारण नाटक समजायला अक्षरओळख लागत नाही. फतव्यानंतर कीवच्या एका मैफलीत युक्रेनी लोकगीत फ्रेंच भाषांतरात गायलं गेलं, म्हणजे कायदाही पाळला गेला आणि चालही लोकांच्या कानावर पडली, असा किस्सा त्या काळातली माणसं सांगत.

या फतव्यावर सही झाली तेव्हा मारिया आदासोव्स्का एकवीस वर्षांची होती, आणि एका तोफखाना अधिकाऱ्याची बायको होती.

तिचा जन्म 1854 च्या ऑगस्टमधला. गाव झान्की, चेर्निहिव प्रांतातल्या नीझीन शहराजवळचं. वडील कोस्त्यान्तीन आदासोव्स्की हे नावाचे जमीनदार. वंश खानदानी, पण हाताशी फारसं काही उरलेलं नाही. मारियाचं शिक्षण चेर्निहिवच्या खासगी निवासी शाळेत झालं. गाणं तिच्या गळ्यात होतं, नाटकाचा नाद शाळेतच लागला. पण खानदानी घरातल्या मुलीने पोटासाठी रंगमंचावर उभं राहणं बापाला पटण्यासारखं नव्हतं. 1875 मध्ये ओलेक्सी ख्लिस्तोव या अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या बदल्यांबरोबर एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात बिऱ्हाड हलवू लागली.

त्यातला एक किल्ला द्नीस्तर नदीकाठचा, बेंदेरीचा. छावणीच्या आयुष्यात करमणूक म्हणजे पत्ते, मद्य आणि अधिकाऱ्यांच्या बायकांनी बसवलेली हौशी नाटकं. इथे तिची गाठ मिकोला तोबिलेविच या तरुण सैनिकाशी पडली. 1877-78 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात शौर्याबद्दल सेंट जॉर्ज क्रॉस मिळवलेला हा उंचापुरा, देखणा गडी युक्रेनी गाणी खड्या आवाजात म्हणायचा. त्याच्या घरात नाटकाचं वेड सगळ्यांनाच होतं. थोरला भाऊ इवान येलिसावेतग्राद शहरात पोलिस खात्यात चिटणीस होता आणि घरी हौशी प्रयोग बसवायचा. धाकटा पानास, बहीण मारिया, सगळी त्याच वाटेवर. पुढे ही भावंडं वेगवेगळ्या नावांनी प्रसिद्ध झाली : इवान झाला कार्पेन्को-कारी, मिकोला झाला सादोव्स्की, पानास झाला साक्साहान्स्की. एका घरातून एका रंगभूमीला एक मोठा नाटककार आणि दोन पहिल्या प्रतीचे नट मिळावेत, हे फार विरळा.

ख्लिस्तोवची बदली पुढे फिनलंडमधल्या स्वेआबोर्ग किल्ल्यावर झाली. समोरच हेलसिंकी. तिथे मारियाने गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. नवरा तोफांच्या हिशेबात आणि ती सुरांच्या. हे घर फार दिवस टिकणार नव्हतं.

इकडे दक्षिणेत परिस्थिती थोडी सैल झाली होती. 1881 मध्ये क्रेमेन्चुक गावात एक नाटक मंडळी उपासमारीला आली होती. रशियन नाटकांना गिऱ्हाईक नव्हतं आणि युक्रेनी नाटकांना परवानगी नव्हती. मंडळीत मार्को क्रोपिव्नित्स्की नावाचा चाळिशीतला नट होता. नाटकं लिहिणारा, गाणारा, बसवणारा. सैन्य सोडून आलेला सादोव्स्कीही त्याच मंडळीत दाखल झाला होता. मंडळीने सरळ सरकारकडे अर्ज केला की आम्ही भुकेने मरतो आहोत, युक्रेनी नाटकं करू द्या. परवानगी मिळाली. त्याच वर्षी फतव्यातही दुरुस्ती झाली : सेन्सॉरने पास केलेलं युक्रेनी नाटक स्थानिक गव्हर्नरच्या मर्जीने करता येईल, पण निव्वळ युक्रेनी अशी मंडळी काढता येणार नाही.

या दुरुस्तीचे नियम मुळातून पाहिले तर कारकुनी डोक्याची कमाल वाटते. मंडळीचं नाव 'रशियन-छोटे रशियन' असं जोडनाव असायला हवं. युक्रेनी नाटकाच्या संध्याकाळी तितक्याच अंकांचं रशियन नाटकही व्हायला हवं. परभाषेतल्या नाटकाचं युक्रेनीत भाषांतर करायचं नाही. कोट घातलेला, शिकलेला माणूस रंगमंचावर युक्रेनी बोलताना दिसता कामा नये. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांनी रशियनच बोलायचं. युक्रेनीत बोलायचं ते शेतकऱ्याने, मोलकरणीने, गावच्या पाटलाने. त्यांनी बोलायचं ते प्रेमाबद्दल, दारूबद्दल आणि शेजाऱ्याच्या भांडणाबद्दल. प्रेक्षक आणि मंडळ्या यांनी यातून वाट काढली. रशियन नाटक कसंबसं उरकलं जायचं आणि प्रेक्षागृह खऱ्या अर्थाने भरायचं ते त्यानंतर. पण लेखकांना पळवाट नव्हती. युक्रेनी नाटकाला खेड्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि पुढे चाळीस वर्षं याच नाटकांवर 'यांना दुसरं काही सुचत नाही' असा ठपका बसत राहिला.

1882 मध्ये क्रोपिव्नित्स्कीने येलिसावेतग्राद इथे स्वतःची मंडळी उभी केली. नायिका हवी होती. सादोव्स्कीने बेंदेरीतल्या त्या अधिकाऱ्याच्या बायकोचं नाव काढलं. मारिया आली. पालकांची अब्रू आणि नवऱ्याचा हुद्दा दोन्ही सांभाळण्यासाठी तिने रंगमंचावर गावाचं नाव धारण केलं. झान्कीची ती झान्कोवेत्स्का.

जुन्या पंचांगाप्रमाणे 27 ऑक्टोबर 1882 या दिवशी तिने येलिसावेतग्रादच्या नाट्यगृहात पदार्पण केलं. नाटक होतं इवान कोत्ल्यारेव्स्कीचं 'नताल्का पोल्ताव्का'. पोल्तावाच्या नाट्यगृहासाठी 1819 मध्ये लिहिलेलं हे संगीत नाटक. गरीब घरातली मुलगी नताल्का, परगावी कामधंद्याला गेलेला तिचा प्रियकर पेत्रो आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेला म्हातारा सरकारी कारकून, एवढंच कथानक. पदांवर नाटक चालायचं. प्रेक्षकांना गाणी पाठ होती आणि नताल्काने कुठे मुरडायचं हेही पाठ होतं. झान्कोवेत्स्काने नताल्काला मुरडू दिलं नाही. ती हळू बोलली, गाणं बोलण्यातून उगवल्यासारखं गायली. प्रयोग संपल्यावर क्रोपिव्नित्स्कीने बोटातली पिरोजाची अंगठी काढून तिच्या बोटात घातली आणि रंगभूमीशी तुझा साखरपुडा लावतो असं म्हटलं, अशी आठवण सांगितली जाते. युक्रेनी नाट्येतिहास आपली व्यावसायिक रंगभूमी याच दिवसापासून मोजतो.

पुढच्या वर्षी कवी आणि नाटककार मिखाइलो स्तारित्स्की याने मंडळीचा कारभार हाती घेतला. त्याने आपली जमीन विकली आणि पैसा मंडळीत ओतला : पोशाख, पडदे, गाणाऱ्यांचा ताफा, वाद्यवृंद, नटांना बरे पगार. मिकोला लिसेन्कोसारखा संगीतकार सोबत होता. भाड्याच्या गाड्यांतून गावोगाव हिंडणाऱ्या कलावंतांना पहिल्यांदाच भाकरीची शाश्वती मिळाली. स्तारित्स्कीच्या पदरात मात्र कर्जच पडलं. या पिढीला युक्रेनमध्ये 'कोरिफे' म्हणतात, म्हणजे आघाडीचे गायक-नट. त्यांच्या कीर्तीच्या गोष्टी सांगताना स्तारित्स्कीच्या विकलेल्या जमिनीची आठवण सहसा कोणी काढत नाही. मला ती काढावीशी वाटते.

मंडळी जोरात चालायला लागली आणि वरून तडाखा आला. कीवचा गव्हर्नर-जनरल द्रेन्तेल्न याने 1883 मध्ये आपल्या अखत्यारीतल्या कीव, पोदोलिया, वोलिन, पोल्तावा आणि चेर्निहिव या पाच प्रांतांत युक्रेनी प्रयोगांना मनाई केली. ही मनाई दहा वर्षं टिकली. नकाशा समोर ठेवला की त्याचा अर्थ उमगतो. युक्रेनी भाषेचा गाभा असलेला सगळा मुलूख युक्रेनी नाटकाला बंद झाला. 'नताल्का पोल्ताव्का' पोल्तावात करता येत नव्हतं. झान्कोवेत्स्काला तिच्या जन्मगावच्या प्रांतात उभं राहता येत नव्हतं. मग मंडळी ओदेसाला, खार्किवला, रोस्तोवला, वोरोनेझला जाऊ लागली. आणि पुढे थेट मॉस्को आणि पीटर्सबर्गला. ज्या भाषेला घरातून हाकललं ती साम्राज्याच्या राजधानीत दाद मिळवू लागली, हे द्रेन्तेल्नच्या ध्यानीमनीही नसेल.

1885 मध्ये मंडळी फुटली. मोठे नट एका ठिकाणी फार काळ नांदत नाहीत. त्यांचे रुसवेफुगवे, पगाराचे वाद इथे उगाळण्यात अर्थ नाही. क्रोपिव्नित्स्कीबरोबर झान्कोवेत्स्का आणि तोबिलेविच भावंडं बाहेर पडली. स्तारित्स्कीने तरुण मंडळी घेऊन वेगळा संसार मांडला.

याच काळात तिच्या भूमिका आकाराला आल्या, आणि इथे थोडं थांबायला हवं.

इवान कार्पेन्को-कारीला क्रांतिकारकांशी संबंध ठेवल्याच्या संशयावरून 1883 मध्ये पोलिस खात्यातून काढलं आणि पुढच्या वर्षी दॉन कोसॅकांच्या नोवोचेर्कास्क गावी हद्दपार केलं. तिथे त्याने आधी लोहाराकडे घण मारला, मग पुस्तकं बांधण्याचं दुकान काढलं. उरलेल्या वेळात तो नाटकं लिहीत होता. 'नायमिच्का' आणि 'बेझतालान्ना' ही त्याची दोन मोठी नाटकं त्या हद्दपारीतली. 'नायमिच्का' म्हणजे मोलकरीण. खारितीना ही अनाथ मुलगी एका श्रीमंत शेतकऱ्याच्या घरी राबायला येते. त्सोकूल नावाचा हा मालक तिला गोड बोलून फसवतो. नंतर उघड होतं की ती त्याचीच, त्याने टाकून दिलेल्या बाईची मुलगी आहे. खारितीना पाण्यात जीव देते. 'बेझतालान्ना'तली सोफिया नवऱ्याच्या हातून मरते. क्रोपिव्नित्स्कीच्या 'ह्लिताय' या नाटकातली ओलेना गावच्या सावकाराच्या जाळ्यात सापडते. नवरा कामासाठी दूर गेलेला, कर्ज डोक्यावर, आणि सावकाराची नजर घरात.

झान्कोवेत्स्काने उभ्या केलेल्या या भूमिकांची कथानकं वाचली तर अश्रूपाताची तयारी करून ठेवल्यासारखी वाटतात. कमी ताकदीच्या नटीच्या हाती ती तशीच झाली असती आणि अनेकदा झालीही. झान्कोवेत्स्काची ताकद अशी की सेन्सॉरने आखून दिलेल्या त्या चौकटीतून, म्हणजे खेड्यातली मुलगी, प्रेम, फसवणूक, मरण यातून, तिने शोकांतिका उभी केली. सेन्सॉरला गावठी करमणूक हवी होती. तिने रंगमंचावर आणली एक माणूस, जिच्याकडे जमीन नाही, बाप नाही, नाव नाही, आणि जिच्या दुःखाला राणीच्या दुःखाइतकाच अधिकार आहे. पाटी खेडवळ होती, पण पाहणाऱ्याला प्रश्न पडायचा तो न्यायाचा. एम्सच्या फतव्याला याहून नेमकं उत्तर कोणी दिलं असं मला वाटत नाही, आणि ते सेन्सॉरचा शिक्का असलेल्या संहितेतून दिलं गेलं.

विनोदी भूमिकाही ती करत असे. स्तारित्स्की-लिसेन्कोच्या 'चोर्नोमोर्त्सी'तली खट्याळ त्स्विर्कुन्का तिची लोकप्रिय भूमिका. 'त्सिहान्का आझा'मधली जिप्सी आझा धगधगती, सूडाने पेटलेली. पानास मिर्नीच्या 'लिमेरिव्ना'तली नताल्या वेगळीच. साऱ्या आयुष्यात तिच्या भूमिका तीसच्या थोड्या वर जातात. मोठ्या नटीच्या मानाने हा आकडा लहान आहे. भूमिका लिहायलाच मनाई असेल तर तो मोठा होणार कसा?

1886 च्या अखेरीस क्रोपिव्नित्स्कीची मंडळी पीटर्सबर्गला पोचली. उत्तरेच्या या थंड, सरकारी शहरात युक्रेनी म्हणजे स्वयंपाकी, पहारेकरी आणि गोष्टींतला भोळा गावकरी. पहिल्या प्रयोगांना कुतूहलाने लोक आले, मग तिकिटं मिळेनाशी झाली. पुढे झार तिसरा अलेक्झांडर सहकुटुंब नाटक पाहून गेला. ज्याच्या सरकारने कीवमध्ये या नाटकांना दार बंद केलं होतं, तोच राजधानीत बसून टाळ्या वाजवत होता. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. राजधानीतल्या अभिजनांना युक्रेनी गाणी मनापासून आवडत. फक्त ती त्यांना आपल्या दिवाणखान्यात हवी होती. ज्या गावातून ती आली, ते गाव जिवंत होऊन उभं राहिलेलं नको होतं.

याच दौऱ्यात आलेक्सेय सुवोरिन तिचा चाहता झाला. 'नोवोये व्रेम्या' या बड्या दैनिकाचा तो मालक-संपादक. सरकारच्या बाजूचा, युक्रेनी राष्ट्रवादाबद्दल अजिबात जिव्हाळा नसलेला. पण नाटक पाहताना त्याचं काही चालत नव्हतं. त्याने लेखांवर लेख लिहिले. अशी नटी आपण पाहिली नाही, फ्रेंच नटी सारा बर्नार्डशी तुलना करावी तर बर्नार्डने आपल्याला कधी हेलावून सोडलं नाही, अशा आशयाचं त्याने लिहिलं. या मंडळीवरचे त्याचे लेख पुढे पुस्तकरूपानेही आले. पुस्तकाच्या शीर्षकात त्याने युक्रेनी लोकांसाठी वापरलेला शब्द मात्र रशियनांच्या तोंडी असणारा हिणकस शब्दच होता. कौतुक करतानाही हात असा आखडता राहतो.

सुवोरिनने तिला रशियन रंगभूमीवर येण्याचा आग्रह केला. शाही नाट्यगृहात जागा, चांगला पगार, वृद्धापकाळाची सोय, मोठ्या लेखकांच्या भूमिका. फक्त भाषा बदलायची. तिने नकार दिला. आपला देश इतका गरीब आहे की त्याला सोडून जाता येत नाही, असं तिने उत्तर दिल्याचं सांगतात. शब्द नेमके हेच होते का, हा मुद्दा गौण आहे, कारण पुढे आयुष्यभर तिने जे केलं ते या उत्तराशी जुळणारंच होतं. शाही रंगभूमीवर ती मार्गारेट झाली असती, मेरी स्टुअर्ट झाली असती. युक्रेनीत ती मोलकरीणच राहिली. हा तोटा तिने डोळसपणे पत्करला, आणि तो तोटा होता हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मोठ्या लोकांच्या दादेच्या गोष्टी तिच्याभोवती खूप जमल्या. टॉल्स्टॉयने तिची भूमिका पाहून आठवण म्हणून तिच्याकडे तिचा रुमाल मागितला, चायकोव्स्कीने पुष्पचक्र पाठवून तिला अमर म्हटलं, असं युक्रेनमध्ये पिढ्यान्पिढ्या ऐकवलं जातं. चेखॉव्हशी तिची ओळख होती आणि पत्रात त्याने तिच्या ताकदीला दाद दिली आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने क्रोपिव्नित्स्की, सादोव्स्की, साक्साहान्स्की आणि झान्कोवेत्स्का या चौघांना जगाच्या रंगभूमीवरच्या थोरांच्या पंक्तीत बसवलं. दंतकथा कुठे संपते आणि नोंद कुठे सुरू होते हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण ज्यांच्या दादेला वजन होतं त्यांची दाद तिला मिळाली, इतकं पक्कं आहे.

घरचं आयुष्य असं उजळ नव्हतं. ख्लिस्तोवशी फारकत व्हायला वर्षं गेली. ऑर्थोडॉक्स चर्चच्या नियमांत घटस्फोट महाकर्मकठीण. सादोव्स्कीशी तिचं नातं रंगमंचावर सुरू झालं आणि रंगमंचाबाहेर गेलं, पण लग्न कधी झालं नाही. दौऱ्यांवर एकत्र, मंडळीत कधी एकत्र कधी वेगळे. तो तापट आणि रंगेल, ती हळवी आणि मानी. रंगमंचावर मात्र समोरासमोर उभे राहिले की प्रेक्षकांना त्यांचं भांडण ठाऊक नसायचं.

1893 मध्ये कीवची मनाई उठली. 1897 मध्ये मॉस्कोला साम्राज्यभरच्या नाट्यकर्मींची पहिली परिषद भरली. तिथे साक्साहान्स्कीने कार्पेन्को-कारीचं निवेदन मांडलं आणि झान्कोवेत्स्काही बोलली. आपल्या नाटकांना परवानगी देणं किंवा नाकारणं हे एकेका अधिकाऱ्याच्या लहरीवर आहे, आपल्याला शिकलेल्या माणसांचं जगणं दाखवता येत नाही, खेड्यातल्या प्रेक्षकांपर्यंत पोचता येत नाही, हे गाऱ्हाणं पहिल्यांदा सगळ्या साम्राज्याच्या नटांसमोर उघड मांडलं गेलं.

मनाईचा खरा शेवट 1905 च्या क्रांतीने केला. त्या वर्षी पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनेही युक्रेनी छापील शब्दावरचे निर्बंध उठवावेत असा अहवाल दिला. सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या राज्यात ल्विव शहरात हे निर्बंध कधी नव्हतेच. तिथे 1864 पासून 'रुस्का बेसिदा' ही युक्रेनी नाट्यसंस्था चालू होती. 1905-06 मध्ये सादोव्स्कीने तिची धुरा घेतली आणि झान्कोवेत्स्काही ल्विवभोवतीच्या गॅलिसिया प्रांतात प्रयोग करून आली. मग 1907 मध्ये सादोव्स्कीने कीवमध्ये कायमचं युक्रेनी नाट्यगृह सुरू केलं. आजवर मंडळ्या होत्या, घर नव्हतं. आता घर झालं. गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' युक्रेनीत झालं, म्हणजे कोटातले सरकारी साहेब अखेर युक्रेनीत बोलले. 1908 च्या सुरुवातीला कीवने झान्कोवेत्स्काच्या रंगसेवेचा रौप्यमहोत्सव थाटात साजरा केला. पुढच्याच वर्षी ती सादोव्स्कीपासून आणि त्याच्या नाट्यगृहापासून दूर झाली. पन्नाशी ओलांडली होती.

या सुमाराला नवं माध्यम आलं होतं. येकातेरिनोस्लाव शहरात, आजच्या द्नीप्रोमध्ये, दानिलो साखनेन्को नावाचा छायाचित्रकार नाटकं चित्रित करत होता. 1911 मध्ये त्याने 'नताल्का पोल्ताव्का' पडद्यावर आणलं आणि झान्कोवेत्स्का त्यात कॅमेऱ्यासमोर आली. ही फीत आज उरलेली नाही. ज्या नटीने एका भाषेसाठी शाही रंगभूमी नाकारली, जिचा आवाज हीच तिची अर्धी किमया होती, तिने चित्रपटात पाऊल टाकलं ते मूकपटाच्या काळात. पडद्यावर ती युक्रेनी बोलते की रशियन हे कुणाला ऐकूच येणार नव्हतं. सेन्सॉरला इतकी सोयीची झान्कोवेत्स्का आधी कधी मिळाली नव्हती.

1917 ला साम्राज्य कोसळलं. कीवमध्ये सत्ता बदलत राहिली, कधी महिन्यांत, कधी आठवड्यांत. झान्कोवेत्स्का नीझीनला होती आणि तिथे 1918 मध्ये तिच्या देखरेखीखाली एक नाटक मंडळी उभी राहिली. साठी उलटलेली बाई, बाहेर यादवी, आणि गावात प्रयोग चालू. सादोव्स्की अल्पजीवी स्वतंत्र युक्रेनच्या सरकारच्या पाठोपाठ देश सोडून गेला, तो 1926 मध्ये परतला.

नव्या पिढीला ही जुनी रंगभूमी नकोशी झाली होती. दिग्दर्शक लेस कुर्बासने 1917 मध्ये 'मोलोदी तेआत्र' म्हणजे तरुणांचं नाट्यगृह काढलं आणि सोफोक्लिसचं 'ईडिपस राजा' युक्रेनीत आणलं. भरतकामाचे सदरे, होपाक नाच आणि दारूचे पेले यांची रंगभूमी असं म्हणून तरुण हिणवत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. एम्सच्या फतव्याने घातलेली वेस त्यांना मोडायची होती, आणि जुन्या मंडळ्यांना त्या वेशीतच राहायची सवय लागली होती. पण झान्कोवेत्स्कावर ही टीका लागू करताना हात अडखळतो. वेस तिने निवडली नव्हती, आणि वेशीच्या आत तिने जे केलं त्यामुळेच त्या भाषेत शोकांतिका पेलते हे सिद्ध झालं होतं. कुर्बासला ईडिपस युक्रेनीत सहज सुचला, यामागे तिची पस्तीस वर्षं होती.

1922 मध्ये तिच्या रंगसेवेला चाळीस वर्षं झाली. सोव्हिएत युक्रेनच्या सरकारने तिला लोककलाकार ही पदवी दिली. युक्रेनमध्ये ही पदवी मिळालेली ती पहिली. त्याच वर्षी कीवच्या एका नाट्यगृहाला तिचं नाव देण्यात आलं. 1924 मध्ये व्लादिमिर गार्दिनच्या 'ओस्ताप बान्दुरा' या चित्रपटात तिने नायकाची आई केली. तो चित्रपटही मूक. सत्तरी गाठलेल्या नटीचं हे कॅमेऱ्यासमोरचं शेवटचं काम.

शेवटची वर्षं कीवमध्ये गेली. सादोव्स्की 1933 च्या फेब्रुवारीत वारला. ती दुष्काळाची वर्षं होती. स्तालिनच्या सरकारने खेड्यांतलं धान्य ओढून नेलं आणि 1932-33 मध्ये युक्रेनमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. ज्या खेड्यातल्या मुली ती आयुष्यभर रंगमंचावर उभ्या करत आली, ती खेडीच ओस पडली. 1933 च्या डिसेंबरात कुर्बासला अटक झाली. 1937 मध्ये त्याला गोळी घातली गेली. झान्कोवेत्स्का 4 ऑक्टोबर 1934 रोजी, ऐंशीव्या वर्षी, कीवमध्ये वारली आणि बायकोवे दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली.

सोव्हिएत काळात तिची पूजा झाली, पण निवडक. भरतकामाचा सदरा घातलेली, जनतेची लाडकी, गरिबांच्या दुःखाला वाचा फोडणारी नटी एवढी प्रतिमा सरकारला चालणारी होती. कोट घातलेला युक्रेनी माणूस युक्रेनीत विचार करतो, ही कल्पना झारसारखीच नव्या सत्तेलाही अडचणीची होती, आणि ती मांडणाऱ्या कुर्बासचं काय झालं ते वर आलंच आहे. म्हणून झान्कोवेत्स्काला नुसतं लोककलेची गोड प्रतिनिधी म्हणून पाहणं हा तिच्यावर अन्याय आहे. साम्राज्याने एका भाषेला करमणुकीपुरती जागा दिली होती. त्या जागेवर उभं राहून तिने त्या भाषेला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि मोबदल्यात हव्या त्या भूमिकांवर पाणी सोडलं.

तिच्या नावाचं नाट्यगृह 1931 मध्ये झापोरिझियाला गेलं आणि 1944 पासून ल्विवमध्ये आहे. तिने जिथे पदार्पण केलं त्या येलिसावेतग्रादला सोव्हिएत काळात पुढाऱ्यांची नावं लाभली, शेवटचं किरोवोह्राद. 2016 मध्ये युक्रेनच्या संसदेने ते बदललं. आज त्या शहराचं नाव क्रोपिव्नित्स्की आहे.